पेस्टलसाठी कागद: नथीतला मोती कुठे टिकतो?

पेस्टलचा, म्हणजे रंगीत खडूंच्या चित्राचा, कागद निवडताना बहुतेक जण विचारतात, किती थर घेईल? मीही तेच विचारायचो. आता आधी बघतो ते वेगळंच: चित्र संपताना दिलेला शेवटचा पांढरा खडू जिथे दिला तिथे राहतो का.

हे मनात बसलं ते आत्याच्या पोर्ट्रेटमुळे. चौरस मीटरला 160 ग्रॅम वजनाचा बदामी कागद होता, मधाच्या पोळ्यासारखी जाळी असलेला. चेहरा चांगला उतरला होता. शेवटी नथीतल्या मोत्यावर पांढऱ्या खडूचा एक ठिपका दिला आणि सगळा चेहरा जागा झाला. फ्रेम करून ते आतेभावाबरोबर एसटीनं साताऱ्याहून नाशिकला पाठवलं. संध्याकाळी त्यानं फोटो पाठवला. चित्राभोवतीच्या पांढऱ्या पुठ्ठ्याच्या, म्हणजे माउंटच्या, खालच्या कडेवर तपकिरी भुकटीची रेघ साचली होती आणि मोती विझला होता. आत्या म्हणाली, छान आहे रे. पण मला त्या फोटोत दुसरं काही दिसेना.

पेस्टल काढणाऱ्याला हे नवं नाही. सॉफ्ट पेस्टलमध्ये रंगाचे कण बांधून ठेवणारा बाइंडर नावापुरता असतो. खडू कागदाला चिकटत नाही, त्याच्या खळग्यांत अडकतो. दोन-तीन थरांत खळगे भरले की पुढचा खडू आधीच्या खडूवर बसतो, कागदाशी त्याची गाठच पडत नाही. त्यात आपण गडदाकडून उजळाकडे जातो. म्हणजे मोत्याची चमक, डोळ्यातला ठिपका, पाण्यावरची तिरीप, चित्राचा सगळा जीव जिथे असतो तीच जागा सगळ्यांत कच्च्या पायावर उभी राहते. खडू पक्का बसवणारा फवारा, म्हणजे फिक्सेटिव्ह, मारावं तर नेमका पांढराच विरतो आणि बाकीचे रंग एक छटा खाली जातात. फ्रेंच चित्रकार एदगार देगा ट्रेसिंग पेपरवर पेस्टल करायचा आणि थराथराला फिक्सेटिव्ह मारायचा. इतक्या गुळगुळीत कागदावर त्याशिवाय थर चढणार तरी कसे? पण रंगाची तेवढी समज असेल तर ते जमतं. मला फिक्सेटिव्हशिवाय टिकणारं चित्र हवं होतं.

तेव्हापासून नवा कागद आणला की तळहाताएवढ्या तुकड्यावर पाच-सहा थर देतो, वर पांढरा ठिपका ठेवतो, तुकडा काळ्या कागदावर उभा धरतो आणि मागून तीन टिचक्या मारतो. खाली काय पडलं ते बघतो. याला मोजमाप म्हणता येणार नाही, पण एसटीतल्या प्रवासाचा अंदाज येतो.

जाळीचा रंगीत कागद या टिचकीत नापास होतो, निदान माझ्या हाताला तरी. मी खडू दाबून लावतो. हलक्या हाताच्या माणसाचा अनुभव वेगळा असू शकेल. तरी तो कागद टाकून द्यावा असं मी म्हणणार नाही. त्याचा रंग लगद्यातच मिसळलेला असतो, त्यामुळे उघडा सोडलेला कागदही चित्राचाच भाग होतो. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर बसलो की मी अजूनही गडद राखाडी कागदच काढतो. घाटाच्या काळ्या दगडी पायऱ्या त्यात आधीच अर्ध्या काढलेल्या असतात. फक्त उन्हाच्या कडा द्यायच्या. दोन थरांत काम संपतं, पडायला फारसं काही उरतच नाही. चेहरा काढायचाच असेल तर उलटी, गुळगुळीत बाजू वापरा. नाहीतर गालावर जाळी उमटते आणि ती बोटानं कितीही घासली तरी जात नाही.

हातकागदावर माझा जीव आहे. पुण्यात शिवाजीनगरची हातकागद संस्था 1940 पासून उभी आहे, आणि सुती चिंध्यांचा तो जाड कागद हातात घेतला की काम करावंसं वाटतं. किंमतही परवडते. पण नुसत्या कागदावर पेस्टल घासलं की तंतू वर येतात, आणि पावसाळ्यात तो दमट होऊन खडू ओढेनासा होतो. म्हणून मी त्यावर अस्तर देतो. चार चमचे पांढरा जेसो (रंगकामाआधी द्यायचा अॅक्रिलिक लेप), एक चमचा मलमलीतून चाळलेली साधी पांढरी रांगोळी आणि थोडं पाणी. एक हात आडवा, तो सुकल्यावर दुसरा उभा. कागद वळू नये म्हणून मागच्या बाजूलाही नुसत्या जेसोचा एक हात. रंगीत रांगोळी नको, तिचा रंग किती दिवस टिकेल याचा भरवसा नाही. छटा हवीच असेल तर जेसोत अॅक्रिलिक मिसळा.

या अस्तराची पकड चकित करते. टिचकीला जेमतेम धूळ पडते. डोंगर, कौलं, ओल्या भिंती यांसाठी तर ब्रशचे फराटे उलट मदतच करतात. चेहऱ्याला मात्र तेच नडतात. कपाळावरून एक आडवा फराटा गेला की तो आठीसारखा दिसतो, आणि तो खडूखाली लपवायला जावं तर अजून ठळक होतो. मी स्पंजनं अस्तर देऊन पाहिलं, पातळ करून पाहिलं. सुधारलं, पण दर वेळी सारखं येत नाही. मोठं निसर्गचित्र करणाऱ्याला मी हाच कागद सुचवीन. दोन फुटांचा कागद दुसरीकडून विकत घेणं सोपं नाही.

पॉलिश पेपरसारखा खरखरीत लेप असलेल्या सँडेड कागदाला 240 पासून 800 पर्यंत नंबर असतात, आकडा वाढेल तसा कागद मऊ. टिचकीत हा सरळ पास होतो, थरही हवे तेवढे घेतो. प्रश्न पकडीचा नाहीच, ती जरा जास्तच आहे. खरखरीत नंबरावर खडू डोळ्यांदेखत झिजतो. बाहेरचे महागडे खडू वापरत असाल तर हा खर्च कागदाच्या किमतीत धरा. आणि मी बोटानं रंग मिसळणारा. तासाभरात तर्जनीची कातडी हुळहुळते, पुढचे दोन दिवस पेस्टल हातात धरवत नाही. फोमचा तुकडा घेऊन मिसळता येतं, पण गालाचा उतार मला बोटालाच कळतो. घ्यायचाच असेल तर 400 किंवा 500 च्या पुढचा घ्या. झिजलेली भुकटी काम करताना खाली पडत राहते, म्हणून बोर्डाच्या तळाशी कागदाची पन्हाळ चिकटवा आणि पंखा बंद ठेवा. उन्हाळ्यात हे सोपं नाही, पण भुकटी श्वासातून आत जाण्यापेक्षा घाम बरा.

राहिला क्लेअरफोंतेनचा पास्टेलमॅट. 360 ग्रॅमचा जाड कागद, वर सेल्युलोजच्या बारीक तंतूंचा लेप. हात फिरवला तर जवळजवळ गुळगुळीत वाटतो. पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा हा खडू धरणार नाही अशी माझी खात्री होती. पण पहिली रेघ ओढली आणि खडू जणू आत ओढला गेला. टिचकीला काळ्या कागदावर बघण्यासारखं काही पडलंच नाही. ठिपका जागचा हलला नाही. खाली जाळी नाही, फराटे नाहीत, बोटही सोलत नाही. पाण्याचा हलका वॉशही सहन करतो.

दोष आहेत. पहिला थर इतका घट्ट बसतो की चूक पूर्ण पुसता येत नाही; रेखाटन फिक्या खडूनं आणि विचार करूनच करावं लागतं. जाळीच्या कागदावर रंग जसा बोटाखाली सरकतो तसा इथे सरकत नाही, तो जागच्या जागी मिसळावा लागतो. ही सवय लागायला मला चार-पाच चित्रं गेली. फार मऊ खडू पहिल्या थराला घेतला तर खळगे लवकर भरतात. सुरुवात कडक खडूनं केलेली बरी. आणि किंमत. पॅडमध्ये बाराच शीट येतात, त्यामुळे सरावाला हा काढताना माझा हात अडतो. विद्यार्थ्याला मी आधी अस्तर दिलेला हातकागदच देईन.

ठरत नसेल तर पॅड घेऊ नका. ओळखीच्या कोणाकडून एक शीट मागा, त्याचे चार तुकडे करा आणि जे नेहमी काढता तेच त्यावर काढा. तुमचं काम दोन थरांत संपत असेल तर वरचा सगळा खटाटोप तुमच्यासाठी नाही, जाळीचा कागद पुरे. पण चित्राचा जीव शेवटच्या उजळ ठिपक्यात असेल, चित्र घराबाहेर जाणार असेल, तर माझा कल कुठे आहे ते लपलेलं नाही.

आत्याचं दुसरं पोर्ट्रेट मी पास्टेलमॅटवर केलं. फ्रेमवाल्याला सांगून माउंट आणि चित्र यांच्यात पट्टी घालून थोडी फट ठेवायला लावली, म्हणजे कणभर पडलंच तर माउंटमागे पडेल. ही फट कोणत्याही कागदाला हवीच. वाटेत बटर पेपर नाही, फिक्सेटिव्ह नाही, तीच एसटी. त्याला दोन पावसाळे झाले. दिवाळीला नाशिकला गेलो तेव्हा फ्रेम खिडकीशी नेऊन आधी माउंटची खालची कड पाहिली, मग नथ.