‘नॅट टेस्टेड’ रक्ताची पिशवी: डेंग्यूच्या हंगामात हा शिक्का किती कामाचा?

रक्तपेढीच्या खिडकीवर ‘नॅटवालं हवं का साधं?’ असं विचारलं की बहुतेक नातेवाईक वेगळा आकार भरून नॅट (न्यूक्लिक ॲसिड टेस्ट) केलेलीच पिशवी घेतात. ज्या कामासाठी ही चाचणी आहे, त्या कामात ती उत्तम आहे, म्हणून पैसे वाया जात नाहीत. पण पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत अनेकांचा असा समज असतो की नॅट म्हणजे सगळे विषाणू तपासले, डेंग्यूसुद्धा. तसं मुळीच नाही.

नॅट रक्तातल्या अँटिबॉडीची वाट पाहत नाही, थेट विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधते. हेपॅटायटिस सीच्या अँटिबॉडी दिसायला दोन महिनेही लागू शकतात, नॅटला ती लागण काही दिवसांतच सापडते. एकेक पिशवी स्वतंत्र तपासणं सर्वांत चांगलं. काही ठिकाणी सहा पिशव्यांचे नमुने एकत्र करून, म्हणजे पूल करून, तपासतात. त्यात खर्च वाचतो, पण विषाणू अगदी कमी असेल तर पातळ होऊन निसटू शकतो. म्हणून ‘नॅट आहे का?’ एवढ्यावर न थांबता ‘स्वतंत्र का पूलमध्ये?’ हेही विचारा.

खरी मर्यादा मात्र वेगळीच आहे. चाचणीतले प्रोब, म्हणजे विषाणूचं जनुकीय द्रव्य पकडणारे तुकडे, ठरावीक विषाणूंनाच ओळखतात. आपल्याकडच्या नेहमीच्या किटमध्ये ते तीन असतात: एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि हेपॅटायटिस सी. डेंग्यू, चिकुनगुनिया, झिका यांचे विषाणू रक्तात भरपूर असले तरी यंत्र निगेटिव्हच सांगणार. पिशवीच्या लेबलमुळे गैरसमज आणखी वाढतो. एचआयव्ही, कावीळ, गुप्तरोगाच्या चाचण्यांखाली ‘मलेरिया: निगेटिव्ह’ असतं, ते वाचून डासांचे सगळे आजार तपासले असं वाटतं. मलेरिया विषाणूमुळे नाही, परजीवीमुळे होतो. त्याच्या चाचणीतून डेंग्यूबद्दल काहीच कळत नाही.

डेंग्यूचा विषाणू ताप चढण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून रक्तात फिरत असतो आणि अनेकांना तर ताप येतच नाही. असा माणूस शिबिरात ठणठणीत दिसतो, तापमान नॉर्मल, हिमोग्लोबिन उत्तम, आणि रक्त देऊन जातो. पुढची साठवणही विषाणूला मारक नाही. लाल पेशी २ ते ६ अंशांवर राहतात, प्लाझ्मा गोठवला जातो, प्लेटलेट २० ते २४ अंशांवर हलत्या रॅकवर पाच दिवस राहतात. पांढऱ्या पेशी गाळणारा फिल्टर प्लाझ्मात मोकळा फिरणारा विषाणू अडवत नाही. पिशवीला दिलेलं रेडिएशन (इरॅडिएशन) लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींसाठी असतं, विषाणूसाठी नाही. ‘फिल्टर्ड आणि इरॅडिएटेड आहे, मग काळजी नको’ हे डेंग्यूच्या बाबतीत खरं नाही.

हे नुसतं पुस्तकी नाही. रक्तातून डेंग्यू गेल्याच्या घटना हाँगकाँग, सिंगापूर, पोर्तो रिको आणि ब्राझीलमध्ये नोंदल्या गेल्या आहेत. साथीच्या भागात मात्र त्या ओळखणंच अवघड जातं, कारण रक्त घेतलेल्या रुग्णाला आठवड्यात ताप आला की सगळे डासाकडेच बोट दाखवतात.

अमेरिकेत २००२ साली वेस्ट नाइल हा डासांमुळेच पसरणारा विषाणू रक्तातून २३ रुग्णांपर्यंत पोचला. लागण झालेल्या दहापैकी आठ जणांना लक्षणंच नसतात, त्यामुळे दात्याला प्रश्न विचारून भागणार नव्हतं. २००३ च्या उन्हाळ्यात त्यांनी या विषाणूची वेगळी नॅट सुरू केली. एखाद्या भागात पॉझिटिव्ह सापडू लागले की पूल सोडून एकेक पिशवी तपासायची, ही पद्धतही तिथे आहे. झिकासाठी २०१६ मध्ये सगळ्या दानांची चाचणी सुरू केली आणि साथ ओसरल्यावर २०२१ मध्ये ती सक्ती काढली. म्हणजे तंत्र हाताशी आहे, प्रश्न खर्चाचा आणि धोरणाचा आहे. महाराष्ट्रात झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला. झिकामुळे पोटातल्या बाळाला धोका असतो, म्हणून गरोदर बाईला रक्त देताना हा मुद्दा डॉक्टरांशी बोलायलाच हवा.

दुसरी वाट म्हणजे विषाणू शोधत न बसता तो निकामीच करायचा. इंटरसेप्ट पद्धतीत प्लेटलेट किंवा प्लाझ्मामध्ये अमोटोसॅलेन हे औषध मिसळतात आणि यूव्हीए (अतिनील) प्रकाश देतात. औषध जनुकीय द्रव्याला चिकटतं, विषाणूची वाढ थांबते, मग उरलेलं औषध शोषून काढतात. हिंदी महासागरातल्या रियुनियन या फ्रेंच बेटावर २००६ च्या चिकुनगुनिया साथीत लाल पेशी फ्रान्सहून आणल्या गेल्या. अल्पायुषी प्लेटलेट मात्र तिथेच घेऊन या पद्धतीने वापरल्या. डेंग्यू, चिकुनगुनिया, झिका, वेस्ट नाइल हे डासांचे चारही विषाणू आवरणवाले आहेत, त्यांच्यावर ती चांगली चालते. आवरण नसलेल्या हेपॅटायटिस ए आणि ई यांच्यावर ती कमी पडते.

आपल्या रक्तपेढीत यातलं काही नसेल तर दोन गोष्टी हातात उरतात. पहिली, दाता कोण. डेंग्यूच्या रुग्णासाठी बदली रक्तदाता म्हणून त्याच घरातले भाऊ, मुलगा, शेजारी पुढे येतात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास फार लांब उडत नाही. ज्या डासांनी रुग्णाला चावलं, तेच या सगळ्यांना चावलेले असण्याची शक्यता मोठी. त्यांचं रक्त दुसऱ्याच कुणाला तरी जाणार असतं. म्हणून गेल्या दोन आठवड्यांत घरात कुणाला ताप आला होता का, हे अर्ज भरताना न लपवता सांगा. ज्याला स्वतःला डेंग्यू किंवा चिकुनगुनिया होऊन गेला, त्याने पूर्ण बरं झाल्यावर सहा महिने थांबायचं असा नियम आहे.

दुसरी, दाते किती. एसडीपी म्हणजे यंत्रावर एकाच दात्याकडून काढलेल्या प्लेटलेट, म्हणून एक पिशवी एकाच दात्याची असते. तेवढाच परिणाम साधायला आरडीपीच्या (साध्या रक्तदानातून वेगळ्या केलेल्या प्लेटलेटच्या) पाच-सहा पिशव्या, म्हणजे पाच-सहा दाते लागतात. एसडीपी महाग पडते, पण साथीत हा फरक मोलाचा आहे. त्याआधीचा प्रश्न, प्लेटलेट लागणार आहेत का? रक्तस्राव नसेल तर डेंग्यूत साधारण १०,००० च्या खाली जाईपर्यंत त्या द्याव्या लागत नाहीत. ४०,००० चा रिपोर्ट पाहून डॉक्टरांवर दबाव आणू नका. पण जिथे रक्त खरंच हवं, तिथे या भीतीपोटी नाही म्हणणं जास्त जीवघेणं ठरेल.

रक्तपेढी निवडताना आम्ही सर्वांत जास्त गुण देतो ते संशयित पिशव्या परत मागवण्याच्या व्यवस्थेला. रक्त दिल्यावर १४ दिवसांत ताप आला तर कळवा, हे दात्याला तोंडी सांगितलं जातं का? कार्डावर चालू असलेला फोन नंबर आहे का? कळवल्यावर त्या दानाच्या क्रमांकावरून लाल पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा तिन्ही बाजूला काढले जातात का? प्लेटलेट बहुतेकदा तोवर देऊन झालेल्या असतात. लाल पेशी सॅगएम या साठवणीच्या द्रावणात ४२ दिवस टिकतात आणि गोठवलेला प्लाझ्मा वर्षभर, म्हणून ते फ्रीजमधून काढता येतात, आणि प्लेटलेट घेतलेल्या रुग्णाच्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करता येतो.