मानधनावर पंच: शालेय बेसबॉल स्पर्धेसाठी घेतलेल्या एका सेवेचा अनुभव

आमच्या शाळेने यंदा जानेवारीत सहा शाळांची सतरा वर्षांखालील मुलांची बेसबॉल स्पर्धा भरवली आणि तिच्यासाठी एका खासगी सेवेकडून दोन रविवारी पंच मागवले. क्रिकेटला असे पंच मुंबईत सर्रास मिळतात. बेसबॉललाही मिळतात, हे मला तोवर ठाऊक नव्हते. मी शाळेचा क्रीडाशिक्षक, स्पर्धेचा संयोजक आणि, पुढे कबूल करणार आहे त्याप्रमाणे, ज्यांच्यामुळे पंचांना त्रास झाला त्यांच्यापैकी एक. सेवेचे नाव देत नाही, कारण या लेखात एक तक्रार आहे आणि ती एका माणसाच्या एका दिवसाच्या वागण्याविषयी आहे.

आधी व्यवहार सांगतो. प्रत्येक सामन्याला दोन पंच, प्रत्येकी आठशे रुपये. सात सामन्यांचे मिळून ११,२०० रुपये झाले, शिवाय प्रवासखर्च व दुपारचे जेवण आमच्याकडे. अर्धी रक्कम आगाऊ द्यावी लागली आणि पावती मागताच मिळाली. आजवर आम्ही एकमेकांच्या शाळांचे पीटी शिक्षकच पंच म्हणून उभे करत होतो. त्यात पैसे वाचत, परंतु निर्णय आपल्याविरुद्ध गेला की सामन्यानंतर महिनाभर फोनवर बोलणे बंद होई. त्या मानाने ही रक्कम मला जास्त वाटली नाही.

पहिल्या रविवारी पूर्व उपनगरातील महापालिकेच्या ज्या मैदानावर आम्ही फक्की मारून डायमंड (चार बेसचा चौकोन) आखला होता, तेथे ज्येष्ठ पंच सकाळी सव्वासातलाच पोहोचले. पन्नाशी उलटलेले गृहस्थ, लोकलच्या लगेज डब्यातून किटबॅग घेऊन आलेले. सामन्यापूर्वी त्यांनी दोन्ही कर्णधारांना आणि आम्हा दोघा शिक्षकांना होम प्लेटपाशी, म्हणजे बॅटर जिच्याशेजारी उभा राहतो त्या पाटीपाशी, बोलावले. अमेरिकेतील शालेय बेसबॉलच्या नियमांत ही बैठक लिहूनच ठेवलेली आहे: मुलांचे साहित्य नियमानुसार असल्याची हमी प्रशिक्षकांनी तेथे पंचांना द्यायची आणि सर्वांनी सभ्यपणे वागावे अशी अपेक्षा तेथेच सांगायची. आपल्याकडे हा भाग बहुधा हात मिळवून उरकला जातो. या गृहस्थांनी दोन्ही संघांची हेल्मेटे एकेक करून हातात घेतली, एक तडा गेलेले बाजूला ठेवले, कर्णधारांची नावे यादीच्या मागच्या बाजूला लिहून घेतली आणि दिवसभर त्यांना नावानेच हाक मारली. मग ते म्हणाले, “क्रिकेटमध्ये विचारल्याशिवाय अंपायर आउट देत नाही. इथे मी न विचारताच प्रत्येक बॉलला बोलणार आहे. त्यामुळे घसा वाचवा.”

हे सांगणे आवश्यकच होते. आमची जवळपास सगळी मुले क्रिकेटमधून आलेली आहेत आणि बॅटला चेंडू लागो न लागो, नऊच्या नऊ जणांनी हात वर करून किंचाळायचे, हे मैदानावर त्यांच्या अंगवळणी पडलेले असते. क्रिकेटचा पंच गोलंदाजाच्या टोकाला, फलंदाजापासून बावीस यार्ड लांब उभा असतो; बेसबॉलचा मुख्य पंच कॅचरच्या (बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्याच्या) पाठीशी इतका खेटून वाकलेला असतो की दोघांना एकमेकांचा श्वास ऐकू येतो. साठ फूट सहा इंचांवरून येणारा प्रत्येक चेंडू सतरा इंच रुंदीच्या प्लेटवरून गेला की नाही, बॅटरच्या गुडघ्यांच्या वर आणि खांदा व कंबर यांच्या मध्यावरच्या रेषेखाली होता की नाही, हे त्याला त्याच क्षणी मोठ्याने सांगावे लागते: बॅट फिरवली नसताना तसा गेला तर ‘स्ट्राइक’, नाहीतर ‘बॉल’. आमच्या सामन्यांत पाचच डाव होते, अमेरिकेतील शाळा सात डाव खेळतात. तरीही दिवसभरात त्या माणसाने शेकडो निर्णय दिले असतील.

दुसऱ्या सामन्यात एक चेंडू बॅटची कड घेऊन थेट त्यांच्या खांद्याच्या हाडावर आदळला. ते सरळ उभे राहिले, काही बोलले नाहीत, फक्त डावा हात हळूहळू वर-खाली करत राहिले. आमचा कॅचर दहावीतला, एरवी वर्गात एक शब्द न बोलणारा मुलगा. त्याने ‘टाइम’ मागितला, पिचरपर्यंत (चेंडू टाकणाऱ्यापर्यंत) चालत गेला आणि अर्धा मिनिट त्याच्याशी बोलत उभा राहिला. नंतर मी पिचरला विचारले की तो काय सांगायला आला होता, तर म्हणे, “काही नाही सर, डब्यात काय आहे विचारत होता.” पंचांना सावरायला वेळ मिळावा म्हणून कॅचरने असे जायचे, ही या खेळातील जुनी रीत; मी ती त्याला शिकवलेली नव्हती. त्याने ती कुठल्याशा अमेरिकन सामन्याच्या व्हिडिओत पाहिली होती. पुढच्या डावात जमिनीवर टप्पा घेतलेला एक चेंडू त्याच कॅचरच्या मनगटावर बसला. पंचांनी खेळ थांबवला, प्लेटच्या पुढे आले, मैदानाकडे पाठ करून वाकले आणि खिशातल्या छोट्या ब्रशने प्लेट झाडू लागले. प्लेट स्वच्छ होती. तरी मुलगा मनगट झटकून पुन्हा बसेपर्यंत ते झाडतच होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलेसुद्धा नाही.

आता माझे प्रकरण. तिसऱ्या सामन्यात आमच्या बॅटरवर तीन बॉल, दोन स्ट्राइक असा काउंट होता; चौथा बॉल झाला तर पहिला बेस आपोआप मिळतो, तिसरा स्ट्राइक झाला तर आउट. पुढचा चेंडू खालून गेला असे आम्हा सर्वांना वाटले. मुलाने बॅट टाकली आणि तो पहिल्या बेसकडे चालूही लागला. मागून “स्ट्राइक!” असा आवाज आला. मी बाकावरून उठून ओरडलो, “सर, गुडघ्याच्या खाली होता!” माझा आवाज ऐकताच पालकांना जणू परवाना मिळाला आणि मागून एका गृहस्थांनी पंचांनी किती पैसे घेतले याची जाहीर चौकशी केली. पंचांनी मास्क काढला, माझ्याजवळ आले, पालकांकडे पाठ होईल असे उभे राहिले आणि मला एकट्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “नियम विचारायचा असेल तर मी थांबतो. बॉल कुठून गेला ते विचारू नका. आणि मागच्यांना तुम्हीच गप्प करा. मी केलं तर खेळ थांबेल.”

अमेरिकेतील शालेय नियमांत प्रशिक्षकासाठी पायऱ्या ठरलेल्या आहेत: आधी तोंडी समज, मग लेखी समज व उरलेला सामना डगआउटमध्येच (संघाच्या बाकाच्या जागेतच) बसून काढणे आणि त्यानंतर मैदानाबाहेर. बॉल की स्ट्राइक यावर वाद घालण्यास तर मुभाच नाही. नियम चुकीचा लावला गेला असे वाटल्यास मात्र प्रशिक्षकाला वेळ मागून शांतपणे विचारता येते. मला पहिल्या पायरीवरच सोडण्यात आले आणि तेही चारचौघांत नाही. मी पालकांकडे गेलो. चहाच्या वेळी पंच स्वतःहून म्हणाले, “तो बॉल खाली असेलही. पण सकाळपासून दोन्ही टीमना तोच बॉल स्ट्राइक दिलाय, तुमच्या पिचरलासुद्धा.” ते खरे होते. आमच्या पिचरला तसे दोन स्ट्राइक मिळाले तेव्हा मी बाकावर अगदी शांत बसलो होतो.

त्याच दिवशी शेवटच्या सामन्यात दुसऱ्या बेसवर घसरत आलेल्या रनरला बेसवरच्या पंचांनी आउट दिले, आणि क्षेत्ररक्षण करणारा मुलगा स्वतःच म्हणाला, “सर, ग्लोव्ह लागलाच नाही.” १९८० सालच्या फेब्रुवारीत वानखेडेवरील सुवर्णमहोत्सवी कसोटीत झेलबाद दिलेल्या इंग्लंडच्या बॉब टेलरला भारताचे कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ यांनी परत बोलावले होते, टेलरने बोथमबरोबर १७१ धावांची भागी केली आणि इंग्लंडने दहा गडी राखून सामना जिंकला. आमच्या पिढीला ही गोष्ट पाठ आहे. मात्र बेसबॉलमध्ये रनरला परत बोलावण्याचा अधिकार कर्णधाराला नाही. म्हणून दोन्ही पंच बाजूला जाऊन बोलले आणि निर्णय त्यांनीच बदलला. मुलाच्या शिक्षकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पंचांनी जाता जाता त्या मुलाच्या टोपीवर टपली मारली, एवढेच.

आमच्या बाजूने एक गोष्ट लाजिरवाणी घडली, तीही लिहायला हवी. पंचांसाठी आम्ही खुर्च्या ठेवल्या नव्हत्या, कपडे बदलायला जागा नव्हती (टेम्पोच्या आडोशाने त्यांनी भागवले) आणि दुपारी मुलांची पंगत उठल्यावर उरलेले वडापाव त्यांच्यापुढे आले, तेही गार. ज्येष्ठ पंच किटबॅगवर बसून ते निमूटपणे जेवले. अमेरिकेत शालेय खेळांना पंच मिळेनासे झाल्याच्या आणि प्रेक्षकांची अरेरावी हे त्याचे मोठे कारण असल्याच्या बातम्या मी वाचल्या होत्या. त्या वाचताना आपण वेगळे आहोत असे का वाटले कोण जाणे.

दुसऱ्या रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक होता आणि ज्येष्ठ पंचांच्या जागी सेवेने एका तरुण पंचांना पाठवले. ते चाळीस मिनिटे उशिरा आले. ब्लॉकला त्यांचा इलाज नव्हता. फोन करणे हातात होते. होम प्लेटवरची बैठक “वेळ नाही” म्हणून रद्द झाली. बॉल-स्ट्राइक मोजण्याचा क्लिकर ते घरी विसरले होते आणि बोटांवर मोजत होते. दुसऱ्या डावात तीनच बॉल झालेले असताना त्यांनी बॅटरला पहिला बेस दिला. स्कोअर लिहिणारी आमची नववीतली मुलगी उभी राहून म्हणाली, “सर, तीनच बॉल झालेत.” उत्तर आले, “तू अंपायर आहेस का? लिहायचं काम कर.” नंतर पाहुण्या संघाच्या कर्णधाराने, हात मागे बांधून, काउंट काय आहे एवढेच विचारले, तर “खेळायचं तर खेळा, नाहीतर घरी जा” असे ऐकावे लागले. काउंट विचारणे म्हणजे हुज्जत नव्हे; किंबहुना काउंट चुकू नये म्हणूनच पंच तो अधूनमधून बोटांनी दाखवत असतात.

न्यायाने सांगायचे तर सेफ-आउटचे निर्णय या तरुण पंचांचे अधिक अचूक होते. ते धावत योग्य जागी पोहोचत, त्यांची नजर तीक्ष्ण होती आणि बेसवरचा एकही निर्णय मला संशयास्पद वाटला नाही. असे असूनही तिसऱ्या डावापासून मैदानावर पुन्हा किंचाळणे सुरू झाले, एका मुलाने हेल्मेट आपटले आणि आदल्या रविवारी दोन पंचांना स्वतःहून पाणी नेऊन देणारी मुले यांच्याकडे फिरकली नाहीत. स्कोअर लिहिणाऱ्या मुलीने मात्र आपले काम सोडले नाही. तिने उरलेला सामना पेन्सिलीने दोन काउंट लिहिले: एक पंचांचा आणि शेजारी कंसात स्वतःचा.

सोमवारी मी सेवेच्या समन्वयकांना फोन केला. त्यांनी वाद घातला नाही, त्या पंचांच्या दोन सामन्यांचे १,६०० रुपये बुधवारी परत केले, आणि इथेच प्रकरण मिटले असे त्यांना वाटले. मी पैसे मागितले नव्हते. त्या मुलीशी कोणीतरी दोन शब्द बोलावेत एवढे म्हटले होते. त्याला अकरा दिवस लागले.

पुढच्या स्पर्धेसाठी मी हीच सेवा घेणार आहे, मात्र तीन गोष्टी आधी लिहून घेऊन: दोन्ही दिवस तेच पंच येतील, क्लिकर असल्याशिवाय सामना सुरू होणार नाही आणि होम प्लेटवरच्या बैठकीची दहा मिनिटे वेळापत्रकात धरली जातील. आमच्याकडून दोन खुर्च्या, सावली आणि पहिले गरम ताट ठरले आहे. पालकांसाठी दोरी बाकाच्या मागे वीस पावलांवर बांधली जाईल आणि मी बाकावरून उठायचे नाही, हे मुख्याध्यापिका मॅडमनी बजावले आहे. ज्येष्ठ पंचांसाठी तारखा एक महिना आधी कळवाव्या लागतात, हे इतर शाळांनी ध्यानात ठेवावे.

तरुण पंचांचा निरोप अखेर मुलीच्या वडिलांच्या मोबाइलवर आला, चाळीस सेकंदांचा, थोडा अडखळत बोललेला. त्या दिवशी तुझा काउंट बरोबर होता, असे त्यात होते. तिने तो दोनदा ऐकला आणि दुसऱ्या दिवशी स्कोअरबुक घेऊन माझ्याकडे आली. कंसातला आकडा आता शाईने लिहू का, असे विचारायला.