वल्हांडणातला भात: वर्ज्य की चालेल?
वल्हांडण या ज्यूंच्या सणात तोराची (ज्यूंच्या धर्मग्रंथाची) मनाई आहे खमिराला, म्हणजे आंबलेल्या धान्याला. परंपरेनुसार तो पाचच धान्यांपासून होतो: गहू, जव, राय, ओट आणि स्पेल्ट. तांदूळ, डाळी त्यात नाहीत. तरीही अश्कनाझी (मूळ मध्य आणि पूर्व युरोपातल्या) ज्यूंनी मध्ययुगापासून त्या वर्ज्य केल्या, कारण धान्यांची सरमिसळ होण्याची भीती. बऱ्याच सेफार्डी (मूळ स्पेन-पोर्तुगालच्या ज्यूंच्या) घरांत मात्र तांदूळ काळजीपूर्वक निवडून भात शिजतो.

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह या मध्यममार्गी ज्यू पंथाच्या धर्मसमितीने अश्कनाझींनाही मोकळीक दिली; ऑर्थोडॉक्स, म्हणजे कडक परंपरावादी, रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) ती मानली नाही. मला सेफार्डी रीत मूळ नियमाच्या जास्त जवळची वाटते. पण पणजीने पाळलेलं सोडवत नाही, हेही मी समजू शकते. भात खाणाऱ्याला कमी धार्मिक ठरवणं मात्र अजिबात पटत नाही. आजारी माणसांना आणि तान्ह्या बाळांना तर कडक बाजूचे रब्बीही सूट देतात.