शॉर्ट सर्व्हिस कमिशन: दहा वर्षं घ्या, पुढची चार मोजून

लष्करात ठरावीक वर्षांसाठी अधिकारी होण्याच्या वाटेबद्दल, म्हणजे शॉर्ट सर्व्हिस कमिशनबद्दल, बोलताना वर्दीचा रुबाब आणि देशसेवा यांवर भरपूर बोललं जातं. इथे त्याकडे फक्त करार म्हणून बघू: काय मिळतं, काय मिळत नाही, आणि कुठल्या वर्षी कुठली सही करायची. चोविसाव्या वर्षी अर्ज भरणाऱ्याला हा हिशेब सहसा कोणी मांडून देत नाही.

कराराची मुदत 10 वर्षं. दहाव्या वर्षी तीन वाटा असतात: पर्मनंट कमिशन (पीसी), म्हणजे निवृत्तीपर्यंतची कायम नोकरी, मागणं, 4 वर्षांची मुदतवाढ घेणं, किंवा बाहेर पडणं. आधी ही रचना 5 अधिक 5 अधिक 4 अशी होती, 2006 मध्ये ती 10 अधिक 4 झाली. अधिकाऱ्याच्या पेन्शनला लागतात 20 वर्षं. म्हणजे मुदतवाढ पूर्ण करूनही सहा वर्षं कमी पडतात, आणि ती कमी पडावीत अशीच ही आखणी आहे.

याचं कारण बजेटमध्ये आहे. 2025-26 साठी संरक्षण मंत्रालयाला सुमारे 6.81 लाख कोटी रुपये मिळाले, त्यातले 1.60 लाख कोटी पेन्शनचे. पगार आणि पेन्शन भागवून उरतं त्यात तोफा, विमानं, दारूगोळा. हा बोजा कमी करायला सैनिकांसाठी 2022 मध्ये चार वर्षांच्या भरतीची अग्निपथ योजना आली आणि देशभर गदारोळ झाला. अधिकाऱ्यांच्या बाबतीत तीच युक्ती कितीतरी आधीपासून चालू आहे, फक्त तिच्यावर कोणी रेल्वे अडवली नाही. अधिकाऱ्यांच्या रचनेचा विचार करणाऱ्या अजय विक्रम सिंग समितीने तर कायम केडरपेक्षा थोडं मोठं, 1 ला 1.1 अशा प्रमाणात, अल्पमुदतीच्या अधिकाऱ्यांचं सपोर्ट केडर असावं असं सुचवलं होतं: तरुण यावेत, वरच्या पदांसाठी रांग न लावता निघून जावेत. त्यासाठी बाहेर पडणाऱ्याला घसघशीत मोबदला हवा होता. तो भाग मागेच राहिला. सातव्या वेतन आयोगाने 7 ते 10 वर्षांत केव्हाही बाहेर पडण्याची मुभा, साडेदहा महिन्यांची ग्रॅच्युइटी आणि सरकारी खर्चाने वर्षभराचा व्यवस्थापन अभ्यासक्रम किंवा एमटेक सुचवलं होतं. आज अर्ज भरणाऱ्याने या शिफारशीवर घर बांधू नये.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. सीडीएस या यूपीएससीच्या परीक्षेतून ओटीएला, म्हणजे अधिकारी प्रशिक्षण अकादमीला, जायला गणिताचा पेपर नाही. इंग्रजी आणि सामान्यज्ञान, मग पाच दिवसांची एसएसबी, म्हणजे निवड मंडळाची मुलाखत, मग मेडिकल. प्रशिक्षण 49 आठवड्यांचं आणि त्या काळात महिना 56,100 रुपये स्टायपेंड. कमिशन मिळाल्यावर पगार वेतनश्रेणीच्या लेव्हल 10 वर, शिवाय 15,500 रुपये एमएसपी, म्हणजे लष्करी सेवेचं जादा वेतन. दोन वर्षांत कॅप्टन, सहा वर्षांत मेजर. पंचविशीत तीस-पस्तीस माणसांची आणि तिशीत शंभराहून जास्त माणसांची जबाबदारी दुसरी कुठली नोकरी देत नाही.

आता पैसे. दहा वर्षांनी सुटताना टर्मिनल ग्रॅच्युइटी मिळते: पूर्ण झालेल्या प्रत्येक सहामाहीला अर्ध्या महिन्याचं वेतन, म्हणजे एकूण 10 महिन्यांचं. मूळ वेतन आणि एमएसपी मिळून एक लाख धरलं, तर महागाई भत्ता बाजूला ठेवूनही दहा लाख. त्यात शिल्लक रजेचे पैसे (कमाल 300 दिवस), प्रॉव्हिडंट फंड आणि आर्मी ग्रुप इन्शुरन्सची परत मिळणारी रक्कम. याच्यासमोर 20 वर्षं करणारा लेफ्टनंट कर्नल ठेवा. लेव्हल 12ए चं अगदी सुरुवातीचं वेतन 1,21,200 धरलं तरी एमएसपीसह निम्मं, म्हणजे 68,350 रुपये, अधिक महागाई भत्ता, दर महिन्याला आणि आयुष्यभर. दहा लाख म्हणजे या पेन्शनचे जेमतेम पंधरा महिने.

मुदतवाढीचं गणित याहून वाईट. चार वर्षांचा पगार मिळतो हे खरं, पण ग्रॅच्युइटीत भर पडते फक्त चार महिन्यांची. तेराव्या वर्षी लेफ्टनंट कर्नल होता येतं. वर्षभर ती पाटी मिरवायची आणि बिनपेन्शन घरी यायचं. या चार वर्षांत दरवाजे मात्र बंद होत जातात. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला खुल्या गटाची मर्यादा 32, त्यात किमान पाच वर्षं सेवा केलेल्यांना 5 वर्षांची सूट, म्हणजे 37. पंचविसाव्या वर्षी कमिशन घेतलेला माणूस दहा वर्षांनी पस्तिशीत सुटतो, त्याला दोन प्रयत्न तरी करता येतात. चौदा वर्षांनी सुटणारा 39 चा असतो. त्याच्यासाठी एमपीएससी उरते, जिथे 'आणीबाणी व अल्पसेवा राजादिष्ट अधिकारी' या लांबलचक नावाखाली 43 पर्यंत मुभा आहे. कंपन्यांतही तेच. पस्तिशीचा मेजर मॅनेजर म्हणून खपतो. चाळिशीच्या माणसाची तुलना त्याच धंद्यात पंधरा वर्षं मुरलेल्यांशी होते.

मुदतवाढ घेतलीच, तर एक कलम लक्षात ठेवा: त्या चार वर्षांत केव्हाही राजीनामा देता येतो. हातात प्रवेशपत्र किंवा नोकरीचं पत्र येईपर्यंतचा पूल म्हणून ती वापरावी, तिथे मुक्काम करू नये.

पीसी मिळालं तर चित्र पालटतं, आधीची दहा वर्षं पेन्शनसाठी धरली जातात. महिला अधिकाऱ्यांना ही वाट बहुतेक शाखांत सर्वोच्च न्यायालयाच्या 17 फेब्रुवारी 2020 च्या बबिता पुनिया निकालाने मोकळी झाली. अर्थात पीसी म्हणजे कर्नलपद नव्हे. लेफ्टनंट कर्नलपर्यंत वर्षं भरली की बढती मिळते. कर्नलसाठी निवड मंडळ बसतं आणि तिथे पिरॅमिड झपकन निमुळता होतो. निवड न झालेल्याला टाइम स्केल कर्नल, म्हणजे निव्वळ वर्षं भरल्यावर कर्नल, होण्यासाठी 26 वर्षांपर्यंत थांबावं लागतं.

पीसीची फाइल दहाव्या वर्षी तयार होत नाही. गोपनीय अहवाल, कोर्समधलं ग्रेडिंग, शिस्तीची नोंद, मेडिकल कॅटेगरी, हे सगळं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून साठत असतं. 'पार्ट बी' ही बढतीची परीक्षा लांबवली की मेजरची बढती अडते आणि तो डाग राहतो. दुखापतीचं तर विचारूच नका. गुडघा खेळताना गेला की गस्तीवर, हे त्याच आठवड्यात इंजुरी रिपोर्टवर, म्हणजे आयएएफवाय-2006 वर, यायला हवं. 'नंतर बघू' म्हणणाऱ्याला रिलीज मेडिकल बोर्डापुढे ती दुखापत सेवेमुळे झाली हे सिद्ध करता करता नाकी नऊ येतात.

पुनर्वसनाची सोय डीजीआरकडे, म्हणजे संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयाकडे, आहे. आयआयएमसारख्या संस्थांतले 24 आठवड्यांचे कोर्स, फीचा 60 टक्के वाटा डीजीआरचा, 40 टक्के अधिकाऱ्याचा. शिकवणं चांगलं, सोबत चांगली, पण हातात येतं ते प्रमाणपत्र, पदवी नाही. दोन वर्षांच्या पीजीपीच्या, म्हणजे आयआयएमच्या नेहमीच्या एमबीएच्या, प्लेसमेंटशी त्याची तुलना करून जाणारे निराश होतात. ज्याला खरंच कॉर्पोरेटमध्ये जायचंय त्याने आठव्या वर्षी जीमॅट द्यावी, नवव्या वर्षी अनुभवी लोकांसाठीच्या एका वर्षाच्या एमबीएला, म्हणजे आयआयएम अहमदाबादचं पीजीपीएक्स, आयआयएम बंगळुरूचं ईपीजीपी किंवा आयएसबीला अर्ज करावा. फी जबर आहे. ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे तिथेच जातील असं धरून चाला. सिग्नल्स, ईएमई (यंत्रदुरुस्ती), इंजिनिअर्स, एएससी (रसद-पुरवठा) वाल्यांना आपलं काम नागरी भाषेत सांगणं सोपं जातं. पायदळवाल्याने बायोडेटात 'कंपनी कमांडर' एवढंच लिहून थांबू नये: किती माणसं, किती गाड्या, किती रुपयांचा साठा, असं लिहावं.

सुटल्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात लगेच नाव नोंदवा. माजी सैनिकांच्या सवलतींसाठी तिथलं ओळखपत्र लागतं. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे उपचार 2019 पासून शॉर्ट सर्व्हिसवाल्यांनाही खुले आहेत, पण एकरकमी वर्गणी भरून, आपोआप नाही.

मानांकन द्यायचं तर दहा वर्षांच्या कराराला पाचपैकी चार, मुदतवाढीला दीड. आत जाण्यासाठी तयारी करणाऱ्यांनी खासगी क्लासला पैसे मोजण्याआधी नाशिकरोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्राची जाहिरात बघावी. महाराष्ट्रातल्या उमेदवारांना सीडीएस आणि एसएसबीची तयारी तिथे मोफत करून घेतात.