घरचा कार्टून केक: क्रीम, फॉन्डंट, फोटो शीट की चॉकलेटचं चित्र?

वाढदिवस आठवड्यावर आलाय, पोराला डोरेमॉनच पाहिजे नाहीतर पेपा पिगच पाहिजे, आणि केक घरीच करायचा हे तुमचं ठरलंय. स्पंजचं फारसं टेन्शन नसतं, दही घालून एगलेस करा नाहीतर अंड्याचा करा, तो बहुतेकांना जमतो. गाडी अडते ती चित्रापाशी. माझं मत आधीच सांगून टाकते, एक ते सहा वर्षांच्या मुलांसाठी केक व्हिप क्रीमचा आणि वर चॉकलेटमध्ये काढलेलं चित्र, याला तोड नाही. पण वाढदिवस कुठल्या महिन्यात येतो, केक किती लांब न्यायचाय आणि तुमच्या हाताशी वेळ किती यावर उत्तर बदलतं, म्हणून चारही प्रकारांचं सविस्तर लिहिते.

फॉन्डंट, म्हणजे लाटून केकवर पांघरायचा साखरेचा गोळा, दिसायला सगळ्यात भारी यात वाद नाही. एकदम गुळगुळीत, आणि छोटा भीम हातापायांसकट उभा करता येतो, तो दुसऱ्या कशाने होत नाही. पण ते असतं काय, तर आयसिंग शुगर, ग्लुकोज, थोडं ग्लिसरीन आणि ते धरून ठेवायला जिलेटिन (हे प्राण्यांपासून काढतात) किंवा एखादा डिंक, म्हणजे जवळजवळ सगळी साखरच. आठ इंची केक मढवायला साधारण पाऊण किलो लागतं! एवढं करून मुलं ते सोलून ताटाच्या कडेला ठेवतात आणि आतला केक खातात. शिवाय घरात शाकाहारी मंडळी असतील तर पाकिटावरचा हिरवा ठिपका बघूनच घ्या, आणि मार्शमेलो वितळवून घरी फॉन्डंट करायची रेसिपी बघितली असेल तर मार्शमेलोमध्ये बहुतेक वेळा जिलेटिन असतं हे लक्षात ठेवा.

दुसरी अडचण ओलाव्याची. फॉन्डंट थेट व्हिप क्रीमवर घातलं की क्रीममधल्या पाण्याने ते विरघळायला लागतं, म्हणून खाली गनाश किंवा बटरक्रीमचा थर द्यावाच लागतो (गनाशसाठी दोन भाग डार्क चॉकलेट, एक भाग क्रीम). आणि फ्रिजमधून बाहेर काढलं की हवेतलं पाणी त्यावर जमून सगळं चिकचिकीत होतं, त्यामुळे मुंबई, कोकण, गोवा या बाजूला जुलै-ऑगस्टचा वाढदिवस असेल तर पूर्ण फॉन्डंटच्या वाटेला जाऊच नका. नागपूर-जळगावकडे डिसेंबर-जानेवारीत मात्र हवा कोरडी असते, तिथे ते मस्त टिकतं. हौस असेलच तर फक्त एखादी छोटी बाहुली करा, फॉन्डंटमध्ये चिमूटभर सीएमसी पावडर (खाण्याच्या डिंकासारखी पावडर) मळा म्हणजे ती कडक वाळते, तीन-चार दिवस आधी करून फॅनखाली ठेवा, फ्रिजमध्ये नाही. आणि मुंडकं धडाला जोडायला टूथपिक अजिबात वापरू नका, लहान मुलं थेट तोंडात घालतात. कच्च्या स्पॅगेटीचा तुकडा खोचा, काम तेच होतं.

फोटो शीट, म्हणजे खाता येईल अशा शीटवर छापलेलं चित्र, हा सगळ्यात झटपट प्रकार. केकचं सामान मिळणाऱ्या दुकानात बऱ्याच ठिकाणी प्रिंट करून देतात, चित्र हुबेहूब येतं, तुमची चित्रकला कशीही असो. यात वेफर शीट आणि शुगर शीट असे दोन प्रकार येतात. वेफर स्वस्त पण कागदासारखी लागते आणि ओल्या क्रीमवर कडा वर उचलतात, शुगर शीट क्रीमवर नीट बसते आणि खाताना वेगळी जाणवत नाही, त्यामुळे थोडे पैसे जास्त गेले तरी तीच घ्या. दोन्ही केक कापायच्या थोडंच आधी लावायच्या, रात्रभर फ्रिजमध्ये राहिल्या तर रंग पसरतो. ज्यांना ऑफिसमधून संध्याकाळी येऊन केक उभा करायचाय त्यांनी निःसंकोच फोटो शीट लावावी, त्यात कमीपणा काही नाही.

आता क्रीम. टेट्रापॅकमधलं नेहमीचं फ्रेश क्रीम, ज्यात २५ टक्के फॅट असतं, ते कितीही फेटलं तरी उभं राहत नाही, त्यासाठी व्हिपिंग क्रीमच लागतं. दुधाचं चवीला छान, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात लवकर बसतं. नॉन-डेअरी म्हणजे वनस्पती फॅटचं, फ्रोझन मिळतं, ते आदल्या रात्री फ्रीजरमधून काढून खाली फ्रिजमध्ये ठेवायचं आणि भांडं, बीटरची पाती सगळं गार करून फेटायचं. एप्रिल-मेमध्ये एसी नसेल तर पातेल्याखाली बर्फ ठेवा. बटरक्रीम म्हणाल तर एक भाग अनसॉल्टेड बटरला दोन भाग आयसिंग शुगर, त्याची छोट्या स्टार नोझलने केलेली नक्षी फार सुबक दिसते, पण खूप गोड लागतं आणि मेच्या दुपारी हॉलमध्ये ठेवलं की बटर सुटायला लागतं, त्यामुळे थंडीतल्या वाढदिवसांनाच ठीक.

आणि चॉकलेटचं चित्र, माझं सगळ्यात लाडकं. डोरेमॉनचं चित्र केकच्या मापाचं प्रिंट करायचं, त्यावर ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकची शीट) किंवा बटर पेपर ठेवायचा, डार्क कंपाउंड चॉकलेट वितळवून कोनमध्ये भरायचं आणि मेंदी काढतो तशी बाह्यरेषा काढायची. फ्रिजमध्ये दोन-चार मिनिटं, मग व्हाइट कंपाउंडमध्ये रंग मिसळून निळं डोकं, पांढरं तोंड, लाल नाक, पिवळी घंटा भरायची, शेवटी मागून पांढरा जाड थर द्यायचा म्हणजे उचलताना तुटत नाही. सेट झालं की कागद सोलायचा, कागदाला चिकटलेली चकचकीत बाजू समोर येते. म्हणूनच चित्र आरशात दिसतं तसं उलटं प्रिंट करायचं, डोरेमॉनला फारसा फरक पडत नाही पण पेपाचं तोंड कायम एका बाजूला असतं. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती फॅट असल्याने टेम्परिंगची, म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानाला गरम-गार करत बसायची, भानगड नाही. पाण्याचा मात्र एक थेंब पडला तरी ते घट्ट गोळा होतं, म्हणून क्रीमसाठी आणलेले जेल कलर इथे चालत नाहीत, तेलात मिसळणारे चॉकलेट कलर वेगळे मागा. मोठा फायदा हा की चित्र दोन दिवस आधी करून डब्यात ठेवता येतं, बिघडलं तर वितळवून परत, आणि मुलं ते शेवटपर्यंत खातात.

रंगांबद्दल मला जरा आग्रहाने सांगायचंय. युरोपियन युनियनमध्ये २०१० पासून सहा कृत्रिम रंगांपैकी एखादा वापरला तर मुलांच्या चंचलपणावर आणि एकाग्रतेवर परिणाम होऊ शकतो अशी सूचना पाकिटावर छापावी लागते. त्यातले टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पॉन्सो फोर आर हे चार आपल्याकडे परवानगी असलेल्या रंगांमध्ये आहेत. घाबरायला नको, पण अख्खा केक गडद लाल किंवा काळा करायचा हट्ट सोडा, त्याला रंग ढीगभर लागतो, चव कडवट होते आणि सगळ्यांच्या जिभा रंगतात. केक पांढरा किंवा फिकट ठेवा, गडद रंग चित्रापुरता. काळा हवाच असेल तर क्रीममध्ये आधी कोको पावडर घाला, मग रंग अगदी थोडा पुरतो. क्रीममध्ये पेपाच्या गुलाबीला बीटाचा रस चमचाभर बास, आणि गोकर्णाची फुलं गरम दुधात भिजवली तर फिकट आकाशी निळा मिळतो, फक्त त्यात लिंबू गेलं की जांभळा होतो. जेल कलर थोड्या वेळाने आणखी गडद होतो, त्यामुळे हवा त्यापेक्षा एक छटा फिकटच थांबा.

मुलाचं वय तीनच्या आत असेल तर वर ठेवायची प्लास्टिकची छोटी खेळणी टाळा, घशात अडकू शकतात. या वयाला मिकी सगळ्यात सोपा, एक मोठा गोल केक आणि वर कानांच्या जागी दोन कपकेक, दीड वर्षाचं पोरही लगेच ओळखतं.

केक गाडीतून लांब न्यायचा असेल तर चॉकलेटचं चित्र वेगळ्या डब्यात न्या आणि तिथे पोचल्यावर क्रीमवर ठेवा. नाव नोझलने थेट केकवर लिहा, चॉकलेटमध्ये उलटी अक्षरं काढायच्या फंदात पडू नका.