साखरेचा कापूस आणि पाचेचे पान: ‘एंजल’ आठ महिने वापरल्यानंतर

गोड वासाच्या परफ्यूमविषयी माझे मत फारसे चांगले नव्हते. अंगाला मिठाईचा वास यावा असे कोणाला का वाटावे, हेच मला कळत नसे. तरीही गेल्या ऑक्टोबरात मी म्युग्लेर या फ्रेंच ब्रँडचे ‘एंजल’ घेतले, कारण खाद्यपदार्थांची आठवण देणाऱ्या, ‘गुरमां’ म्हटल्या जाणाऱ्या सुगंधांची लाट १९९२ साली आलेल्या याच परफ्यूमपासून सुरू झाली असे मानतात. व्हॅनिलाचा गोडवा त्याआधीही होता, गेर्लां या फ्रेंच कंपनीच्या १९२५ च्या ‘शालिमार’ परफ्यूममध्ये तर तो भरपूर आहे, मात्र ‘एंजल’ घडवणाऱ्या ऑलिव्हिए क्रेस्प यांनी येथे एथिल माल्टोल हे द्रव्य एवढ्या सढळ हाताने वापरले की जत्रेतल्या साखरेच्या कापसाचा वास थेट मनगटावर आला.

पहिल्या आठवड्यात मला तेवढेच जाणवले आणि पैसे वाया गेले असे वाटले. पुढे लक्षात आले की याची पारख पहिल्या अर्ध्या तासावरून करण्यात अर्थ नाही. साखर जरा ओसरली की तिच्याखालून पॅचुली या सुगंधी पानांच्या वनस्पतीचा मातकट, कडसर, काहीसा कापरासारखा वास वर येतो. वेणीत माळलेली पाच ज्यांनी हुंगली आहे त्यांना तो परका वाटणार नाही, कारण पाच ही पॅचुलीची जवळची नातलग. या कडसरपणामुळेच गोडव्याने मळमळत नाही; पाक करपण्याच्या बेताला आला की जो वास सुटतो, तसा तो नाकाला अडवून धरतो. वास्तविक गोड ही जिभेची चव आहे. जो वास आपण लहानपणापासून साखरेसोबत अनुभवला, त्यालाच नाक गोड म्हणते, म्हणून मला वेलची-जायफळही गोडच वाटतात.

जानेवारीत दोन फवारे संध्याकाळपर्यंत सुखाने टिकत. मे महिन्यात ठाण्याच्या उकाड्यात मात्र तेवढ्यानेच घर भरून गेले आणि आईने स्वयंपाकघरातून विचारले, “गूळ तापत ठेवला आहेस का गं?” लोकरीच्या शालीवर मारण्याची चूक मी एकदाच केली, धुतल्यानंतरही तिचा वास गेला नाही. आता उन्हाळ्यात कोपराच्या आतल्या बाजूला एकच फवारा, तोही रात्री बाहेर पडताना, एवढाच वापर ठेवला आहे. बाटली अजून अर्धी शिल्लक आहे.