कार्बन कर की परवान्यांचा लिलाव? कॅनडातल्या प्रांतांचा अनुभव

कार्बनला, म्हणजे कार्बन डायऑक्साइडसारख्या वायूंच्या उत्सर्जनाला, किंमत लावावी हे पटलं, पण ती कशी लावावी याबद्दल मत ठरत नसेल, तर कॅनडातले दोन प्रांत शेजारी ठेवून पाहा.

ब्रिटिश कोलंबियाने १ जुलै २००८ पासून थेट कर लावला. उत्सर्जनाच्या दर टनाला १० कॅनेडियन डॉलरपासून सुरुवात, दरवर्षी ५ डॉलर वाढ, २०१२ मध्ये ३०. जमा झालेला पैसा इतर करांत कपात करून परत दिला जाई. हा कर आणला उजवीकडे झुकलेल्या सरकारने, म्हणजे गॉर्डन कॅम्पबेल यांनी. त्याविरुद्ध रान उठवलं ते डाव्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाने. तरीही २००९ ची निवडणूक कॅम्पबेल यांनीच जिंकली.

क्यूबेकने २०१३ पासून दुसरी वाट धरली. सरकार एकूण उत्सर्जनाची मर्यादा ठरवतं, तेवढेच उत्सर्जनाचे परवाने काढतं, जे कंपन्यांना घ्यावे लागतात, आणि त्यांतल्या बऱ्याच परवान्यांचा लिलाव करतं. २०१४ मध्ये हा बाजार कॅलिफोर्नियाशी जोडला गेला.

करात पारदर्शकता आहे आणि तीच त्याच्या मुळावर येते. केंद्र सरकारने २०१९ पासून, स्वतःची व्यवस्था नसलेल्या प्रांतांवर इंधन आकार लावला. टनाला २० डॉलरवरून तो २०२४ मध्ये ८० वर गेला. ८० डॉलरला पेट्रोलच्या लिटरमागे १७.६ सेंट पडत आणि टाकी भरताना दर वेळी ते जाणवत. त्या पैशातून कुटुंबांना मिळणारा परतावा मात्र तीन महिन्यांतून एकदा गुपचूप खात्यात जमा होई. बँकेच्या नोंदीवरून तो कशाचा आहे हे अनेकांना कळतही नसे. थेट भरलेला कर आणि मिळालेला परतावा एवढाच हिशेब धरला, तर बहुतेक कुटुंबांच्या हातात जास्तच पडत होतं. पण ते कुणाला पटवून देणार? क्यूबेकमध्ये हाच बोजा इंधनाच्या किमतीत मिसळून जातो, म्हणून ओरड कमी. मला हे लपवणं खटकतं. शिवाय तिथला पैसा घरोघरी न जाता सरकारी हवामान योजनांकडे जातो आणि २०२४ मध्ये तिथला दरही ८० डॉलरपेक्षा बराच कमी होता.

बोजा कुणी किती उचलायचा, हा वाद मात्र दोन्ही पद्धतींत सुटत नाही. क्यूबेकची वीज जवळजवळ सगळी जलविद्युत. सस्कॅचेवान कोळसा आणि वायूवर अवलंबून, अल्बर्टाचा संसार तेलावर. सारखा दर म्हणजे सारखी झळ नव्हे, ही सस्कॅचेवान आणि अल्बर्टा या प्रांतांची तक्रार खोटी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी केंद्राचा कायदा वैध ठरवला, पण राजकारण थांबलं नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात घर तापवायच्या तेलावरचा आकार तीन वर्षांसाठी थांबवला गेला. त्याचा मोठा फायदा पूर्व किनाऱ्यावरच्या, असं तेल जास्त वापरणाऱ्या अटलांटिक प्रांतांना झाला. मग सस्कॅचेवानने घरगुती वायूवरची वसुलीच बंद केली. माझ्या मते कर खरा कोसळला तो इथे: एकाला सूट दिली की दुसऱ्याला नाही कशी म्हणणार? १ एप्रिल २०२५ पासून केंद्राचा ग्राहकांवरचा आकार शून्य झाला, ब्रिटिश कोलंबियानेही आपला कर काढला. मोठ्या उद्योगांवरची कार्बन-किंमत कायम राहिली, क्यूबेकचा बाजारही.

म्हणून निवड करायचीच तर मी आज क्यूबेकच्या बाजूने झुकेन, पण लिलावाचा पैसा कुठे गेला याचा जाहीर हिशेब मागूनच. अर्थात ही पद्धतही अभेद्य नाही. ओंटारिओ २०१८ च्या जानेवारीत याच बाजारात सामील झाला आणि सरकार बदलताच त्याच वर्षी बाहेर पडला.